कार्ल्याचा शिलालेख, ग्रामदान आणि कामशेतचा गुंठा

पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं: "जगातला पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट मावळात होता." वाक्य मला इतकं आवडलं होतं की ते मी पहिल्याच पानावर टाकलं. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले: "साम्य की उगम?"

त्या तीन शब्दांनी माझे सहा महिने खाल्ले. संशोधनाला लागण्याच्या तयारीत असलेल्यांना ते सहा महिने सांगावेत, म्हणून हे लिहितोय.

आधी विषय. कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणजे जमीन एका लोकसंस्थेच्या नावावर आणि तिच्यावरचं घर कुटुंबाच्या नावावर. कुटुंब जमीन विकत घेत नाही, भाडेपट्ट्याने घेते. पट्टा बहुतेक ठिकाणी ९९ वर्षांचा असतो आणि वारसांकडे जातो. घराला फक्त बांधकामाची किंमत पडते, जमिनीची नाही. घर विकता येतं, पण भाव आधीच लिहून ठेवलेल्या सूत्राने ठरतो. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात १९८४ साली असा ट्रस्ट सुरू झाला. तिथलं सूत्र साधं आहे: तुम्ही घातलेले पैसे तुमचे, आणि भाव जितका वाढला त्याचा चौथा हिस्सा तुमचा. आपल्या आकड्यांत सांगायचं तर समजा २० लाखांना घेतलेलं घर बाजारात ३६ लाखांचं झालं. वाढ १६ लाख, तिचा चौथा हिस्सा ४ लाख. घर २४ लाखांना पुढच्या कुटुंबाला जातं. उरलेले १२ लाख कुणाच्याच खिशात जात नाहीत, ते घर स्वस्त ठेवण्यात मुरतात. ट्रस्टच्या मंडळावर तिथे राहणारे असतात, तसेच आजूबाजूचे, अजून घर न मिळालेले लोकही असतात. हे शेवटचं कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मावळ. कामशेतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलचं पुढचं स्टेशन मळवली. तिथे उतरून कार्ल्याच्या लेण्यांकडे चालत जाता येतं. गर्दी बहुतेक एकवीरा आईची असते. चैत्याच्या दारातल्या ब्राह्मी अक्षरांकडे थांबून बघणारा एखादाच. त्यातल्या एका लेखात नहपानाचा जावई उषवदात करजिक नावाचं गाव वलूरक लेण्यांतल्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी देतो. वर्षावासाला जो येईल त्याच्यासाठी, पंथाचा भेद न करता. दुसऱ्या लेखात सातवाहन राजाची आज्ञा आहे. बहुतेक अभ्यासक ती गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात. ती मामाड इथल्या अमात्याला उद्देशून आहे: मामाल आहारातलं करजक गाव भिक्षूंना दिलं आहे, राजाच्या माणसांनी तिथे शिरू नये. मामाल म्हणजे आपलं मावळ. सत्ता बदलली, शक गेले, सातवाहन आले, तरी दान टिकलं.

सांगा, मोह होणार नाही का? जमीन व्यक्तीची नाही, संघाची. पिढ्यान्‌पिढ्या विकायची नाही. वापर मात्र राहणाऱ्याचा. मी जोडून टाकलं.

मॅडमच्या लाल रेघेनंतर दोन चुका दिसल्या. पहिली: दिलेली वस्तू नेमकी कोणती? करजिकात आधीपासून शेतकरी राहत होते, कसत होते. राजाने भिक्षूंना दिला तो मुख्यतः राजाचा हक्क, म्हणजे गावाचं उत्पन्न. करजिकच्या कुणब्याला डोक्यावर छप्पर त्या लेखाने मिळालं नाही; त्याचा वसूल कुणाकडे जाणार एवढंच बदललं. म्हणजे साम्यसुद्धा निम्मंच. दुसरी चूक जास्त मोठी. १९६९ साली अमेरिकेत ज्यांनी पहिला ट्रस्ट काढला, त्यांच्यापैकी कुणी कार्ल्याचा लेख वाचला होता याला माझ्याकडे पुरावा शून्य. दोन गोष्टी सारख्या दिसतात यावरून एकीतून दुसरी आली असं ठरत नाही. उगम दाखवायचा तर माणूस लागतो, कागद लागतो, तारीख लागते.

गंमत म्हणजे खरा उगम शोधायला गेलो तर तो मावळापासून फार लांब निघाला नाही. घाट उतरलं की पेण तालुका. तिथल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांपुढे दलित कुटुंबांनी जमिनीची मागणी ठेवली: ८० एकर. सभेतच रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. हे भूदान. शाळेत आपण इथेच थांबतो. माझ्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट त्यानंतर वर्षभराने घडली. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यातल्या मंगरौठ गावाने एकेकट्याने तुकडे द्यायच्या ऐवजी गावची जमीन एकत्र देऊन टाकली. हे पहिलं ग्रामदान. भूदानात जमिनीचा मालक बदलतो, मालकी तशीच राहते. आज ज्याला एकर मिळाला तो उद्या अडचणीत सापडून सावकाराला विकू शकतो. ग्रामदानात मालकीच व्यक्तीकडून गावाकडे जाते. पुढे साठच्या दशकात 'सुलभ ग्रामदान' आलं. त्यात मालकी गावाची, विसावा हिस्सा भूमिहीनांना, आणि बाकीची जमीन देणाऱ्याच्याच वहिवाटीत, वारसा हक्कासकट. फक्त गावाबाहेर विकायची नाही. वरचं ट्रस्टचं वर्णन आठवा आणि 'घर' या शब्दाच्या जागी 'शेत' ठेवा.

आता माणसं आणि तारखा. राल्फ बोरसोडी हे अमेरिकन विचारवंत साठच्या दशकात भारतात होते, विनोबा आणि जयप्रकाश नारायण यांच्या कामाशी त्यांचा जवळून परिचय झाला. परत गेल्यावर १९६७ मध्ये त्यांनी बॉब स्वान यांच्यासोबत संस्था काढली. ग्रामदानाचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. स्वान हे युद्धविरोधी कार्यकर्ते. त्यांची गाठ जॉर्जिया राज्यातल्या नागरी हक्कांच्या चळवळीशी पडली. तिथे प्रश्न जिवावरचा होता. मतदार म्हणून नाव नोंदवलं की गोरा मालक काळ्या कुटुंबाला जमिनीवरून आणि घरातून हाकलून देई. हक्क मागायचा तर पायाखालची जमीन आपली हवी, हे स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड, शर्ली शेरॉड यांना अनुभवाने कळलं होतं. १९६८ मध्ये त्यांच्यातले काहीजण इस्रायलला जाऊन तिथल्या सामुदायिक वसाहती आणि जमिनीचे दीर्घ पट्टे बघून आले. १९६९ मध्ये ऑल्बनी शहराजवळ 'न्यू कम्युनिटीज' उभी राहिली. जमीन सुमारे ५,७०० एकर. तीच पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणून ओळखली जाते.

म्हणजे उगम एक नाही. ग्रामदान आहे, इस्रायलचे पट्टे आहेत, हेन्री जॉर्जचा जमिनीच्या भाववाढीवरचा विचार आहे, एबेनेझर हॉवर्डची उद्याननगरं आहेत. 'सगळं आपल्याकडूनच गेलं' असं लिहायचा मोह इथे पुन्हा होतो. आवरा. चार ओढ्यांतला एक गागोद्याकडून येतो, एवढं पुराव्याने म्हणता येतं आणि तेवढं पुष्कळ आहे.

न्यू कम्युनिटीजचं पुढे काय झालं? वसाहतीच्या नियोजनासाठी सरकारी अनुदान मिळालं, पण घरं बांधण्याचा पैसा राज्याच्या गव्हर्नरच्या विरोधामुळे अडला. शेती चालवली. दुष्काळ आले, कर्ज वेळेवर मिळालं नाही, आणि १९८५ मध्ये जमीन गेली. सरकारी कर्जवाटपात वर्णभेद झाला होता हे पुढे मान्य झालं आणि २००९ मध्ये त्यांना मोठी भरपाई मिळाली, पण तोवर पाव शतक निघून गेलं होतं. यशाच्या कथा सांगणारे बर्लिंग्टनपासून सुरुवात करतात. मी जॉर्जियापासून करतो, कारण मावळातल्या माणसाला जॉर्जिया लवकर समजेल.

ते का, हे सांगायला घरचं उदाहरण देतो. माझा चुलत भाऊ तळेगावच्या एमआयडीसीत कामाला आहे, रोज कामशेतहून लोकलने जातो. आमच्या आजोबांची जमीन नाणे मावळात होती. वाटण्या झाल्या, थोडी बहिणींच्या लग्नात गेली, थोडी आजारपणात. दादाच्या वाट्याला जे आलं त्यावर घर बांधायचं तर पैसा नाही, आणि पैसा उभा करायचा तर तेच विकायला लागतं. घेणारे दाराशी उभेच. कामशेतच्या नाक्यावर फलक बघा: ११ गुंठे, नदीकिनारी, डोंगराचं दृश्य, सेपरेट सातबारा. घेणारा शनिवार-रविवारी येणार. वर्षाचे उरलेले दिवस बंगल्याला कुलूप, आणि राखणदार म्हणून बहुतेक वेळा ज्याने जमीन विकली त्याच्याच घरातलं कुणीतरी. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी हा कुळकायदा आहे, तुकडे पाडू नयेत हा १९४७ चा कायदा आहे. दोन्हींतून वाटा कशा काढतात हे मावळात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भाव पुण्या-मुंबईच्या पगाराने ठरतो, पगार मात्र तळेगावचा.

दादाला मी ट्रस्टची कल्पना समजावली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सातबारावर माझं नाव नसणार. तू शिकून हे शोधलंस?"

हसू नका. त्याच्या वाक्यामागे शंभर वर्षं आहेत. टाटांच्या खोपोलीच्या वीजघरासाठी, ते १९१५ मध्ये सुरू झालं, लोणावळ्याच्या बाजूला वळवण आणि शिरवत्याचे तलाव झाले. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले, धरण झालंच. मग पवना धरण. मग द्रुतगती मार्ग. आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी कामशेतजवळ बऊर इथे, पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण मेले. या तालुक्यात 'सार्वजनिक हितासाठी जमीन' या शब्दांचा अर्थ एकच झालाय: जमीन जाणार, आणि हित दुसऱ्याचं. जॉर्जियात सातबारा नव्हता, पण नावावर जमीन नसली की काय होतं हे तिथल्या लोकांनाही असंच कळलं होतं. आणि तरी त्यांनी जमीन एकेकट्याच्या नावावर न करता संस्थेच्या नावावर केली. एकट्याचं नाव कर्जात, दबावात लवकर पुसलं जातं, हा त्यांचा हिशोब. दादाचा हिशोब उलटा आहे. दोघंही आपापल्या अनुभवाने बरोबर आहेत, आणि माझा प्रबंध या दोघांच्या मध्ये अडकलाय.

मग महाराष्ट्रात कायद्याने काय शक्य आहे? मी समजत होतो काहीच नाही. चूक. दोन दारं आहेत, दोन्ही जुनी.

पहिलं, महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४. गावातल्या किमान ७५ टक्के जमीनमालकांनी मालकी गावाला दिली आणि ती जमीन किमान ६० टक्के भरली तर गाव ग्रामदानी होऊ शकतं. कायदा झाला, चळवळ ओसरली, कायदा कपाटात गेला. मग २०१३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तो बाहेर काढला. गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेला होता; आता खाजगी शेतीही ग्रामसभेच्या नावे करायचं सर्वांनी ठरवलं. इथे तयारीच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. ग्रामदानाचे आकडे वाचताना 'संकल्प' आणि 'नोंद' वेगळे करा. सभेत हात वर झाले ते संकल्पपत्र. फेरफार नोंदला जाऊन सातबारावरचं नाव बदललं ती नोंद. देशभर हजारो ग्रामदानं जाहीर झाली, पण त्यातली फार थोडी दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचली. इतिहास भाषणांत शोधाल तर एक क्रांती दिसेल, तलाठ्याच्या दप्तरात शोधाल तर बरंचसं कोरं पान.

मेंढ्याचं मावळात होईल का? मला नाही वाटत. मेंढ्यात एकमेकांना ओळखणारं गाव आहे, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची अनेक वर्षांची सवय आहे, आणि जमिनीला द्रुतगती मार्गाचा भाव नाही. कामशेतच्या आसपास ७५ टक्के मालक एकत्र आणायचे म्हटलं तर त्यातले किती गावात राहतात इथूनच भांडण.

दुसरं दार मला जास्त उपयोगाचं वाटतं आणि ते अनेकांच्या रोजच्या बघण्यातलं आहे: सहकारी गृहनिर्माण संस्था. १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सोसायटी उभी राहिली, श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने. तिथे जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची, सभासद हा संस्थेचा भागीदार आणि भाडेकरू, दोन्ही. या प्रकाराला कायद्याच्या भाषेत टेनंट को-पार्टनरशिप म्हणतात. १९६१ च्या सहकारी संस्था नियमांत त्याच्या शेजारीच दुसरा प्रकार आहे, टेनंट ओनरशिप: जमीन संस्थेची, घर सभासदाचं. मी ही ओळ वाचली तेव्हा वाचनालयात खुर्चीतून उठलोच. जमीन संस्थेची, घर सभासदाचं! ट्रस्टचा सांगाडा आपल्या नियमावलीत साठ वर्षं पडून आहे. कितीतरी प्लॉटच्या सोसायट्या याच वर्गात नोंदल्या गेल्यात.

मग त्यांत घरं स्वस्त का राहिली नाहीत? कारण सांगाडा आहे, पण दोन हाडं नाहीत. एक, विक्रीचं सूत्र. सभासद घर बाजारभावाने विकतो आणि संस्थेला हस्तांतरण शुल्क देतो, ज्याची कमाल मर्यादा सरकारने २००१ मध्ये २५,००० रुपये ठरवली. भाववाढ लाखांत असो की कोटीत, संस्थेच्या हाती जास्तीत जास्त पंचवीस हजार. दोन, मंडळावर बाहेरचं कुणी नाही. सोसायटी फक्त आत असलेल्यांची. ज्याला अजून घर मिळालं नाही त्याच्या वतीने बोलणारा सर्वसाधारण सभेत नसतो, मग भाव खाली ठेवण्यात कुणाचा फायदा? पहिली पिढी हेतूने येते, दुसरी वारशाने, तिसरी विकून जाते. यात कुणी लबाड नाही. लिहूनच तसं ठेवलंय.

सोलापूरचं उदाहरण इथे आठवतं. कुंभारी इथे विडी कामगार स्त्रियांची सहकारी वसाहत, सुमारे १०,००० घरं, २००६ मध्ये ताब्यात दिली गेली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून, केंद्र, राज्य आणि कामगार यांच्या वाट्यातून ती उभी राहिली. शहराबाहेरची जमीन एकत्र मिळवली की घर विडी वळणाऱ्या बाईच्या आवाक्यात येतं, हे तिथे सिद्ध झालं. पण घर आवाक्यात आणणं आणि ते पुढच्या तीन पिढ्या आवाक्यात ठेवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. दुसऱ्यावर शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं, आणि माझा विषय शेवटी इथे येऊन थांबला.

म्हणून आता मी प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न विचारतो: जमिनीचा भाव चढला तर तो चढ कुणाचा? कार्ल्याच्या लेखाला हा प्रश्न लागूच पडत नाही, कारण तिथे बाजारच नाही. म्हणून तो माझ्या प्रबंधातून गेला, फक्त एका तळटीपेत उरला. ग्रामदानात चढ गावाचा. सोसायटीत विकणाऱ्याचा. बर्लिंग्टनमध्ये चौथा हिस्सा विकणाऱ्याचा, बाकी पुढच्या कुटुंबाचा. सिडकोच्या नवी मुंबईत जमीन ६० वर्षांच्या पट्ट्याने दिलेली; तिथे मालक सरकारी महामंडळ आहे आणि राहणाऱ्यांची मागणी पट्टा उठवून मालकी द्या अशी आहे. नावांवरून तुलना केली असती तर सिडको आणि ट्रस्ट एका रकान्यात बसले असते. प्रश्नावरून केली तर दोन टोकांना जातात. विषय निवडताना तुम्हीही असा एक प्रश्न शोधा. नाहीतर साम्यांची यादी वाढत जाते आणि प्रबंध पुढे सरकत नाही.

सध्या मी वडगावच्या तहसील कचेरीत फेरफार उतरवून घेतोय. काही जमिनी देवस्थान इनाम वर्ग ३ मध्ये आहेत. सातबारावर मालक म्हणून देवाचं नाव, वहिवाट माणसांची, विक्रीला बंदी. त्या किती टिकल्या आणि ज्या निसटल्या त्या कशा, हे बघायचंय. देवाच्या नावावर जमीन राहू शकते यावर मावळात कुणाला आश्चर्य वाटत नाही. दादालाही नाही. परवा मी त्याला तेच म्हटलं, तर तो म्हणाला, "देव विकायला बसत नाही रे. तुझ्या ट्रस्टचा अध्यक्ष कोण होणार ते आधी सांग."

मंडळाच्या रचनेवरचं प्रकरण मी अजून लिहिलेलं नाही.